डीएमए बफर एममॅप केल्यावर आर्म बोर्डावर जुना डेटा का दिसतो?

लिनक्स ड्रायव्हरमध्ये ‘डीएमए_अलॉक_कोहेरंट’ने (डीएमए बफर, म्हणजे उपकरण थेट वाचू-लिहू शकेल अशी मेमरी देणारे फंक्शन) मिळालेला डीएमए पत्ता ‘रीमॅप_पीएफएन_रेंज’ला (एममॅप करताना, म्हणजे ती मेमरी प्रोग्रॅमच्या पत्त्यांना जोडताना वापरायचे फंक्शन) दिल्यावर एक्स८६ संगणकावर सर्व ठीक चालते, पण आर्म बोर्डावर प्रोग्रॅमला जुना डेटा दिसतो, असा आपला प्रश्न आहे. याचे कारण बहुधा कॅशे (प्रोसेसरजवळची वेगवान तात्पुरती मेमरी) हे आहे. एक्स८६वर हार्डवेअरच कॅशे आणि मेमरी यांचा मेळ राखते. अनेक आर्म बोर्डांवर मात्र ती सोय नसल्याने कर्नल (लिनक्सचा गाभा) तो बफर कॅशेविना मॅप करतो, आणि आपले मॅपिंग कॅशेसहित राहिल्यास प्रोसेसर शिळी प्रत वाचत राहतो.

शिवाय डीएमए पत्ता हा उपकरणाच्या दृष्टीचा पत्ता असतो. मध्ये आयओएमएमयू (उपकरणाचे पत्ते भौतिक पत्त्यांत बदलणारे हार्डवेअर) असेल तर तो भौतिक पत्ता नसतोच, आणि मग दुसऱ्याच कोणाची तरी मेमरी प्रोग्रॅमच्या हाती लागू शकते, जे मला कॅशेच्या घोळापेक्षा कितीतरी गंभीर वाटते. कर्नल पत्त्यावरून भौतिक पत्ता काढणारे ‘व्हर्ट_टू_फिज’ हाही उपाय नाही, कारण ते केवळ कर्नलच्या थेट मॅप केलेल्या पत्त्यांनाच लागू पडते.

म्हणून ड्रायव्हरच्या एममॅप फंक्शनमध्ये ‘डीएमए_एममॅप_कोहेरंट’ वापरावे आणि त्याला बफर घेतानाचाच डिव्हाइस, कर्नल पत्ता, डीएमए पत्ता व आकार द्यावा. हे फंक्शन ‘व्हीएम_पीजीऑफ’ला बफरमधील पानांचे अंतर मानते; त्यामुळे त्या ऑफसेटने आपण बफरचा क्रमांक निवडत असाल, तर क्रमांक वाचून झाल्यावर ‘व्हीएम_पीजीऑफ’ शून्य करावे, अन्यथा त्रुटी परत येऊ शकते.