सूज उतरली, तरी आतडं अरुंद का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला सात वर्षांपासून क्रोन्स, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार आहे. इन्फ्लिक्सिमॅब हे औषध सुरू झाल्यावर जुलाब थांबले, वजन वाढलं, सीआरपी ही दाह दाखवणारी रक्तचाचणीही नॉर्मल आली. तरी आता एमआरआयमध्ये लहान आतड्याच्या शेवटी अरुंद भाग दिसतोय आणि डॉक्टर ऑपरेशन सुचवताहेत. मग औषधाचा उपयोग काय झाला? ते बंद करावं का?

उत्तर : ताई, स्वतःहून बंद करू नका. औषधाने त्याचं काम केलं आहे. अरुंद भागाचं कारण वेगळं आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमध्ये काढलेलं आतडं माझ्या टेबलावर येतं. निरोगी आतडं हातात ओल्या कापडासारखं लोळतं. क्रोन्सचा अरुंद तुकडा मात्र रबरी नळीसारखा ताठ असतो. दोन-तीन मिलिमीटरची भिंत कधी सेंटिमीटरभर जाड झालेली असते, बाहेरून चरबीने वेढलेली. ट्रायक्रोम रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली जिथे तिथे निळं दिसतं. ते निळं म्हणजे कोलॅजेन, जखमेच्या व्रणातला चिवट धागा.

टीएनएफ हा दाह पेटवणारा निरोप. इन्फ्लिक्सिमॅब तोच अडवतं. पण जखम भरून काढायलाही निरोप लागतात : टीजीएफ-बीटा, पीडीजीएफ, आयजीएफ-१. त्यांच्या सांगण्यावरून फायब्रोब्लास्ट, म्हणजे धागे बनवणाऱ्या पेशी, जास्त जोमाने काम करणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट होतात आणि कोलॅजेन विणू लागतात. एरवी जखम भरली की या पेशी नाहीशा होतात. तुमच्या भावाच्या आतड्यात मात्र तीच जागा वर्षानुवर्षं चिघळत आणि भरत राहिली. शिवाय भिंत एकदा ताठ झाली की तो ताणच तिथे साठलेला टीजीएफ-बीटा मोकळा करतो. म्हणून आग विझली तरी विणकाम थांबत नाही, आणि विणलेलं उसवणारं औषध अजून आपल्या हाती नाही.

मग टीजीएफ-बीटाच का बंद करत नाहीत, असं मला नेहमी विचारतात. तोच निरोप रोगप्रतिकारक पेशींना आवरूनही धरतो. १९९२ मध्ये टीजीएफ-बीटा-१ नसलेले उंदीर तयार केले गेले. जन्मानंतर काही आठवड्यांतच अनेक अवयवांत दाह होऊन ते दगावले.

डॉक्टरांना एवढं विचारा : अरुंदपणात सूज किती आणि व्रण किती? सूज असेल तर औषधाला वाव आहे. बहुतेक वेळा दोन्ही मिसळलेलं असतं. तुकडा आखूड असेल आणि दुर्बीण तिथवर पोचत असेल, तर फुग्याने रुंद करता येतो. कधी आतडं न काढता, उभा छेद देऊन आडवं शिवतात. ऑपरेशननंतरही आजार बहुधा जोडाशीच उलटतो, तेव्हा औषध पुन्हा लागू शकतं. भाऊ सिगारेट ओढत असेल, तर ती आजच सुटायला हवी.

पोट फुगून कळा, उलट्या आणि गॅस सरकणं बंद, असं झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच इस्पितळात न्या.