परदेशातली मिशन ट्रिप : पहिल्या दिवसांचे प्रश्न

या वेळची बरीचशी पत्रं परदेशी मिशन ट्रिपला, म्हणजे ख्रिस्ती सेवेच्या दौऱ्याला, पहिल्यांदाच निघालेल्यांची आहेत. उतरल्या उतरल्या कामाला लागायची सगळ्यांना घाई आहे. उत्साह मोलाचा आहे, पण पहिले तीन-चार दिवस तिथल्या मंडळीकडून (चर्चकडून) शिकण्याचे असतात. सेवा त्यांची आहे आणि आपण तिथे पाहुणे आहोत, हे धरूनच पुढची उत्तरं वाचावीत.

प्रश्न : आमची टीम पहाटे पोहोचते. वेळ वाया जाऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी सभा ठेवली आहे. जमेल का?

सभा दोन दिवस पुढे ढकला. ते शक्य नसेल तर जरूर जा, पण बाकावर बसून ऐका आणि वचन (बायबलमधला संदेश) तिथल्या पाळकांना (चर्चच्या पाद्रींना) सांगू द्या. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानेच सरकतं. सहा तासांचा फरक असेल तर पाच-सहा दिवस झोप, भूक आणि पोट जागेवर नसतात. पूर्वेकडे गेल्यास त्रास जास्त होतो, कारण उशिरा झोपणं शरीराला जमतं, लवकर झोपणं जमत नाही. दिवसा उजेडात फिरा, डुलकी अर्ध्या तासाच्या आत आवरा, दुपारनंतर चहा-कॉफी टाळा आणि झोपायचं ते तिथल्या रात्रीच. झोप नसली की माणूस क्षुल्लक गोष्टीवरून चिडतो, आणि पहिल्या दिवशी उडालेला खटका टीममध्ये शेवटपर्यंत धुमसतो.

तो दिवस रिकामा जात नाही. यजमानांबरोबर परिसरात पायी फिरून या. प्यायचं पाणी कुठलं, रात्री कुठला डॉक्टर भेटतो, किल्ल्या कोणाकडे असतात, हे विचारून घ्या. परदेशी माणसाची नोंद पोलिसांत किंवा सरकारी कचेरीत ठरावीक मुदतीत करावी लागते का, तेही विचारा. काही देशांत ती सक्तीची असते आणि राहून गेली तर परतताना विमानतळावर अडवतात. प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड हवं : राहण्याचा पत्ता तिथल्या लिपीत, यजमानांच्या हातचा, खाली त्यांचा फोन नंबर. फोनची बॅटरी संपली आणि भाषा येत नसली की टॅक्सीवाल्यापुढे तेवढंच कामी येतं. पासपोर्टची झेरॉक्स लीडरकडे द्या.

रात्री प्रार्थनेआधी सगळ्यांनी अर्धा तास बसावं. काय पाहिलं, काय कळलं नाही आणि कोणाला बरं वाटत नाहीये, हे प्रत्येकाने सांगावं. तिसरा प्रश्न लीडरने एकेकाचं नाव घेऊन विचारावा. तरुण मुलं आजार अंगावर काढतात.

प्रश्न : इमिग्रेशनवर ‘फिरायला आलो’ एवढंच सांगा, असा सल्ला मिळाला. योग्य आहे का?

नाही. सुवार्तेचं काम खोट्यावर उभं करू नये, हे एक कारण. दुसरं व्यवहाराचं आहे : बॅगेत शंभर पुस्तिका आणि औषधांचे खोके निघाले की ‘फिरायला आलो’ कोणाला पटणार? आमंत्रण देणाऱ्या मंडळीला आधीच लेखी विचारा की आपल्या कामाला कुठला व्हिसा लागतो. बऱ्याच देशांत धार्मिक कामाचा व्हिसा वेगळा असतो. पर्यटक व्हिसावर वचन सांगणं किंवा रुग्ण तपासणं गुन्हा ठरू शकतं. डॉक्टर आणि नर्स यांना तिथल्या वैद्यकीय परिषदेची तात्पुरती परवानगी लागू शकते. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने शिल्लक असू द्या. आमंत्रणपत्र, मुक्कामाचा पत्ता आणि परतीचं तिकीट कागदावर छापून हातातल्या बॅगेत ठेवा. स्वतःची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्या.

जिथे धर्मप्रसारावर कायद्याने बंधन आहे तिथे यजमान घालतील ती मर्यादा पाळा. आपण दोन आठवड्यांत परततो. चौकशीला तोंड द्यावं लागतं ते तिथल्या विश्वासणाऱ्यांना.

प्रश्न : दुभाष्याच्या मदतीने साक्ष द्यायची (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायचा) आहे. तयारी कशी करावी?

वीस मिनिटं मिळाली असतील तर दहा मिनिटांचंच तयार करा, उरलेला वेळ भाषांतराला जातो. शास्त्रातले संदर्भ आदल्या रात्री दुभाष्याला लिहून द्या, म्हणजे ती वचनं तो आपल्या भाषेतल्या बायबलमधून थेट वाचेल. वाक्य छोटं ठेवा आणि पूर्ण करूनच थांबा. अर्ध्यावर थांबलात तर क्रियापद कुठलं येणार हे त्याला कळत नाही, मग तो अंदाजाने बोलतो. म्हणी आणि कोट्या नकोत. बोलताना लोकांकडे पाहा, दुभाष्याकडे नव्हे.

प्रश्न : मुलांसाठी खाऊ, वह्या, कपडे नेतोय. पहिल्याच दिवशी वाटावेत का?

स्वतःच्या हाताने वाटू नका. सगळं पाळकांकडे द्या, कोणाला काय द्यायचं ते त्यांना ठरवू द्या. पन्नास वह्या आणि सत्तर मुलं अशी वेळ आली की पहिली रडारड तिथेच होते, आणि नंतर आईबापांची नाराजी पाळकांना सोसावी लागते. रोख पैशांचंही तसंच. ‘तुला शिकायला बोलावून घेतो’ असा शब्द तर कोणत्याही मुलाला देऊ नका. कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबू नये, नेहमी दोन मोठी माणसं असावीत. फोटो आईवडिलांना विचारूनच.

प्रश्न : आमच्या आधीच्या टीममधले दोघं तिसऱ्या दिवशी जुलाबाने आडवे झाले. काय काळजी घ्यावी?

पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, २००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटं. दात घासायलाही तेच वापरा. बर्फ बहुधा नळाच्या पाण्याचा असतो, तो टाळा. ताटात गरम वाढलेलं निःसंकोच खा. प्रभू येशूनेही शिष्यांना, पुढे वाढतील ते खा, असं सांगितलं (लूक १०). पण कापून ठेवलेली फळं आणि कच्ची कोशिंबीर नम्रपणे नाकारायला हरकत नाही.

जुलाब लागलेच तर ओआरएसची पाकिटं हवीत. ती नसतील तर एक लिटर सुरक्षित पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू नका. घोट घोट द्या. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका, डॉक्टर गाठा. लघवी फार कमी झाली तरीही डॉक्टरकडे जायला थांबू नका.

प्रश्न : लस आणि मलेरियाच्या गोळ्या कधी?

पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो. काही देश त्याशिवाय आत घेत नाहीत. टायफॉइडची सुई निदान दोन आठवडे आधी घ्या. मलेरियाची कुठली गोळी ते डॉक्टर ठरवतील. डॉक्सीसायक्लिन निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होते आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते. घरी पोहोचल्यावर ती सोडून देणारे पुष्कळ असतात, पण मलेरियाचे जंतू तेव्हाही यकृतात असू शकतात. परतल्यानंतरच्या महिन्यांत ताप आला तर कोणत्या देशात जाऊन आलात ते डॉक्टरांना आधी सांगा.