भाकरीची त्रिज्या वाढली, तर पीठ किती वाढेल?

प्रश्न : आमचा महिला बचत गट सोलापुरात ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकतो. आमच्या भाकरीचा व्यास 18 सेंटिमीटर असतो. एका खाणावळीने 24 सेंटिमीटर व्यासाची भाकरी मागितली असून, व्यास एक तृतीयांशाने वाढतो म्हणून दरही तेवढाच वाढवून देऊ, असे म्हटले आहे. हा हिशेब बरोबर आहे का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : हा हिशेब बरोबर नाही, आणि तो मान्य केल्यास तुमच्या गटाला तोटा होईल. त्रिज्या 9 सेंटिमीटरवरून 12 सेंटिमीटर झाली की भाकरीचा परीघ सुमारे 56.5 वरून 75.4 सेंटिमीटर होतो, म्हणजे खरोखरच एक तृतीयांशाने वाढतो; परंतु पीठ परिघावर नव्हे, तर क्षेत्रफळावर लागते, आणि ते सुमारे 254 वरून 452 चौरस सेंटिमीटरवर जाते. जाडी तीच ठेवली, तर जिथे 100 ग्रॅम पीठ लागत होते तिथे आता जवळजवळ 178 ग्रॅम लागेल.

असे का होते, हे आर्यभटाने इ.स. 499 मध्ये सांगितलेल्या नियमावरून चांगले कळते : अर्ध्या परिघाला अर्ध्या व्यासाने गुणले की वर्तुळाचे क्षेत्रफळ मिळते. त्रिज्या वाढवली की या गुणाकारातल्या दोन्ही संख्या एकाच प्रमाणात वाढतात, त्यामुळे वाढ दोनदा लागू होते. त्रिज्या दुप्पट केल्यास परीघ दुप्पट, पण क्षेत्रफळ चौपट होते.

भाकरी थापताना हेच परातीत दिसते. मधला 9 सेंटिमीटर त्रिज्येचा भाग तसाच ठेवून काठाकडे जी 3 सेंटिमीटर रुंदीची कड वाढते, ती दिसायला अरुंद असली, तरी सर्वांत लांब फेऱ्यावर पसरलेली असते. तिची सरासरी लांबी 66 सेंटिमीटर धरून रुंदीने गुणल्यास 198 चौरस सेंटिमीटर, म्हणजे नव्या भाकरीचा सुमारे 44 टक्के भाग, त्या कडेतच भरतो.

मजुरी आणि जळण मात्र याच प्रमाणात वाढेल असे नाही, तेव्हा संपूर्ण दर 78 टक्क्यांनी वाढवण्याचा आग्रह धरणे मला योग्य वाटत नाही. पिठाचा खर्च वेगळा काढावा, त्याला 1.78 ने गुणावे आणि उरलेला खर्च प्रत्यक्ष पाहून मिळवावा. थप्पीभोवती कागदी पट्टी लावत असाल, तर तिची लांबी एक तृतीयांशानेच वाढवावी लागेल.

एक काळजी अवश्य घ्यावी. 24 ऐवजी 25 सेंटिमीटरची भाकरी थापली गेली, तर प्रत्येकीमागे साडेआठ टक्के पीठ जास्त जाते, म्हणजे बारा भाकऱ्यांमागे एका भाकरीचे पीठ. म्हणून 24 सेंटिमीटरचे ताट मापासाठी जवळ ठेवावे आणि उंडाही तोलूनच घ्यावा.