बारावीचा अर्ज भरण्याआधी

सांगली जिल्ह्यातून एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला डाउन सिंड्रोम आणि सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व आहे. मुक्त विद्यालयातून ती चौथ्या प्रयत्नात दहावी उत्तीर्ण झाली. आता तिने वाणिज्य शाखेतून बारावी आणि मग बी.कॉम. करावे म्हणून अकाउंट्स आणि इंग्रजीच्या शिकवण्या लावल्या आहेत. अमेरिकेत बॉस्टनजवळ राहणाऱ्या मेहुणीच्या शेजारचा असाच एक मुलगा कॉलेजात जातो, मग आमच्या मुलीला ते का जमू नये, असे त्यांनी विचारले आहे.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात मुलीचे गुण विषयवार दिलेले आहेत, लग्नकार्यात नातेवाईक काय विचारतात ते आहे आणि थोरल्या मुलाच्या अभियांत्रिकीचा उल्लेख तीन वेळा आहे. तिला स्वतःला काय आवडते याविषयी एकच वाक्य आहे, तेही तक्रारीच्या सुरात: अभ्यास टाकून ती आईच्या डब्यांच्या कामात लुडबुड करते आणि कोणाला तिखट कमी लागते, कोणाला लसूण चालत नाही, हे मात्र तिच्या बरोबर लक्षात राहते. मला विचाराल तर अख्ख्या पत्रात उपयोगाचे वाक्य हेच आहे. रोजचे बावीस डबे, प्रत्येकावरचे नाव, प्रत्येकाची वेगळी सूचना, आणि चूक झालीच तर दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगणारे गिऱ्हाईक, हे सारे सांभाळणारी मुलगी अकाउंट्सच्या वहीपुढे रात्री रडते, असेही तुम्हीच लिहिले आहे. रडणाऱ्या मुलीला ‘अजून एकच उदाहरण’ म्हणून बसवून ठेवणे याला तुम्ही जिद्द म्हणता. मला त्यात जाच दिसतो. (दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ५० टक्के आहे, म्हणजे निम्मी बुद्धी शाबूत आहे, हा हिशेबही सोडून द्या. सौम्य गटातील प्रत्येकाला ठरलेल्या तक्त्यानुसार तोच आकडा मिळतो.)

आता बॉस्टनच्या मुलाविषयी, कारण तुमचा सगळा गैरसमज तिथूनच सुरू झाला आहे. तो मुलगा कॉलेजात जातो, याचा अर्थ तो पदवीची परीक्षा देतो असा बहुधा होत नाही. बॉस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे, तिथे २००७ पासून सरकारी महाविद्यालयांत अशा विद्यार्थ्यांसाठी एक योजना चालते. त्यात मुलगा आपल्या आवडीचे एकदोन विषय निवडतो, इतरांसोबत त्याच वर्गात बसतो, गरजेप्रमाणे एक साहाय्यक त्याच्याबरोबर असतो, आणि पुष्कळदा तो गुणांसाठी नव्हे, तर शिकण्यासाठी बसलेला असतो. वर्गाबाहेर बसने ये-जा करणे, कँटीनमध्ये स्वतः पैसे देणे, पगाराच्या नोकरीची तयारी करणे हे सारे त्या शिक्षणाचाच भाग मानले जाते. अमेरिकेच्या २००८ च्या केंद्रीय कायद्याने तर नेहमीचे शालान्त प्रमाणपत्र नसलेल्या अशा विद्यार्थ्यांनाही मान्यताप्राप्त कार्यक्रमांसाठी सरकारी शिक्षणसाहाय्य खुले केले. तिथे दार उघडले गेले ते अभ्यासक्रमाची आणि यशाची व्याख्या बदलून. तुम्ही मात्र व्याख्या जुनीच ठेवून मुलगी बदलायला निघाला आहात.

बारावीचा मार्ग खुला आहे. मुक्त विद्यालयात पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, घाई कसलीच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत ५ टक्के जागा राखीव आहेत, पण पदवीच्या प्रवेशासाठी बारावी लागतेच. त्याच कायद्यातील सरकारी नोकरीच्या ४ टक्के आरक्षणावर तुम्ही फार विसंबून आहात. त्यातला तिच्या वाट्याचा १ टक्का स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार असलेल्यांबरोबर वाटून घ्यायचा असतो, आणि पदाची पात्रता व परीक्षा चुकत नाहीत.

म्हणून माझे उत्तर तुमच्या प्रश्नाला धरून नाही. कॉलेज तिला हवेच, कारण एकोणीस वर्षांच्या मुलीला आईवडिलांखेरीज आपल्या वयाची माणसे हवी असतात; पण बी.कॉम.साठी नको. गावातल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटा. पाककला किंवा अन्नप्रक्रियेचा अल्पमुदतीचा वर्ग असेल, तर तिला गुणांच्या अटीविना बसू द्याल का आणि स्नेहसंमेलनाच्या कामात घ्याल का, असे विचारा. पहिला प्राचार्य नाही म्हणेल, कदाचित दुसराही. आपल्याकडे यासाठी स्वतंत्र योजना नसल्यामुळे सगळे त्या खुर्चीतल्या माणसावर अवलंबून राहते, ही आपल्या व्यवस्थेची लाजिरवाणी बाजू आहे. दरम्यान एकदा मुंबईला जाऊन जुहूचे कॅफे अर्पण सहकुटुंब पाहून या. बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांगत्व असलेली तरुण मंडळी तिथे स्वयंपाकघरात आणि टेबलांवर पगारी काम करतात. ते चालवणाऱ्या संस्थेने कॅफेच्या आधी काय सुरू केले होते, ठाऊक आहे? डबे पोहोचवण्याची सेवा.

तिला बसने एकटी पाठवण्याची भीती वाटते, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. ती भीती रास्त आहे, परंतु त्या भीतीवर इलाज आहे. अकाउंट्सच्या शिकवणीला जे पैसे जातात, ते दोन महिने एखाद्या विश्वासू, ओळखीच्या ताईला द्या. पहिला महिनाभर तिने मुलीच्या शेजारी बसावे, तिकीट मुलीनेच काढावे, सुटे पैसे मुलीनेच मोजून घ्यावेत. दुसऱ्या महिन्यात ताईने चार आसने मागे बसावे आणि थांबा आला तरी काही बोलू नये.