ट्रान्समिट पीडीओ : आवक की जावक?

प्रश्न असा आहे : कॅनओपन (यंत्रातल्या उपकरणांची आपसात बोलण्याची एक पद्धत) वापरणाऱ्या ड्राइव्हची, म्हणजे मोटर चालवणाऱ्या उपकरणाची, मराठी पुस्तिका तयार करताना 'ट्रान्समिट पीडीओ'ला (पीडीओ म्हणजे चालू मूल्यं नेणारा संदेश) 'जावक डेटा' म्हटलं, तर पीएलसीवाले (यंत्राचा कंट्रोलर सांभाळणारे) म्हणतात, आमच्याकडे तो 'इनपुट'मध्ये दिसतो. चूक कुणाची? आणि 'मॅपिंग'ला 'नकाशांकन' चालेल का?

पहिल्यात चूक कुणाचीच नाही. माझ्या जावक वहीतलं पत्र तुमच्या आवक वहीत चढतं, तसंच हे. कॅनओपनमध्ये वही उपकरणाची असते : ड्राइव्ह स्टेटसवर्ड (स्वतःची अवस्था) पाठवतो तो त्याचा ट्रान्समिट पीडीओ, कंट्रोलवर्ड (त्याला दिलेला हुकूम) घेतो तो रिसीव्ह पीडीओ. प्रोफिबस आणि प्रोफिनेट या अशाच दुसऱ्या पद्धतींमध्ये वही कंट्रोलरची. तिथे 'इनपुट' म्हणजे कंट्रोलरकडे येणारं. इथरकॅट या आणखी एका पद्धतीने तर पीडीओ हे नाव कॅनओपनकडून उचललं, आणि मास्टरच्या (म्हणजे कंट्रोलरच्या) सॉफ्टवेअरमध्ये तोच ट्रान्समिट पीडीओ इनपुटांखाली दिसतो! म्हणून नुसतं 'जावक' किंवा 'आवक' लिहू नका. 'ड्राइव्हकडून जाणारा', 'ड्राइव्हकडे येणारा' असं लिहा. शब्द वाढतात, पण उलटसुलट जोडणी टळते.

'नकाशांकन' मात्र नको. त्याने डोळ्यांसमोर रेखाटन येतं, आणि इथे रेखाटायचं काहीच नाही. नेहमीच्या कॅनवर (कॅनओपन ज्या जोडणीवर चालतं ती) एका पीडीओत जास्तीत जास्त ८ बाइट, म्हणजे ६४ बिट, मावतात. त्यांत मूल्यांची नावं जात नाहीत, नुसती मूल्यं जातात. कुठल्या बिटापासून काय सुरू होतं हे दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असावं लागतं. ही झाली 'मांडणी'. तिची एक नोंद बघा : ६०४१००१०. यात ६०४१ हा स्टेटसवर्डचा इंडेक्स (उपकरणातल्या यादीतला क्रमांक), ०० सबइंडेक्स (त्याचा उपक्रमांक) आणि शेवटचे १० म्हणजे लांबी, १६ बिट (हेक्स, म्हणजे सोळाच्या पटीतलं लेखन आहे, दहा वाचू नका). तिच्यामागे ६०६४००२० लिहिलं की प्रत्यक्ष स्थितीचे ३२ बिट. एकूण ४८ झाले, १६ शिल्लक. शीर्षकात 'पीडीओ मॅपिंग'च ठेवावं, कारण बोलताना सगळे तेच म्हणतात. समजावताना 'मांडणी' वापरावं.

न विचारलेलं एक सांगतो, कारण गोंधळ खरा तिथे होतो. 'बिट ३१ सेट करा' हे वाक्य मराठीत जसंच्या तसं आणलं की वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी चालू होतंय. पीडीओच्या कॉब-आयडीतला (संदेशाच्या ओळखक्रमांकाच्या नोंदीतला) हा बिट १ केला की पीडीओ बंद होतो. मूळ मजकुरातल्या 'व्हॅलिड'साठी 'वैध' लिहिणं तर कोर्टाच्या कागदासारखं वाटतं; 'चालू' आणि 'बंद' पुरेसं आहे. मग क्रमही सरळ लिहिता येतो : उपकरण प्री-ऑपरेशनलमध्ये (पीडीओ सुरू होण्याआधीच्या अवस्थेत) आणा, पीडीओ बंद करा, मॅपिंगच्या सबइंडेक्स ० मध्ये शून्य लिहा, नोंदी भरा, सबइंडेक्स ० मध्ये नोंदींची संख्या टाका, पीडीओ चालू करा. शून्य न करता नोंदी लिहायला गेलात तर उपकरण लेखन नाकारू शकतं. त्यामुळे ती पायरी 'आवश्यक असल्यास' म्हणून पुस्तिकेत सौम्य करू नका.