सही करायच्या आधी

ताई, डॉक्टर बाबांना ट्रायलमध्ये, म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीत, घ्यायचं म्हणतात म्हणून घाबरू नका, पण तिथल्या तिथे सहीही करू नका. मी दोनदा यातून गेलोय.

नागपूरचं मेडिकल हॉस्पिटल असो की मेयो, संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणा, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. पहिल्या वेळी मी ओपीडीच्या गर्दीत उभ्या उभ्या सही ठोकली. नवं औषध की जुनं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि कधीकधी डॉक्टरलाही माहीत नसतं, हे मला पंधरा दिवसांनी कळलं! ट्रायल म्हणजे बरं होण्याची हमी नव्हे बाप्पा, परीक्षा औषधाची असते.

एवढं विचाराच:
- सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक? २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे.
- ट्रायलमुळे इजा झाली तर? सरकारच्या २०१९ च्या ट्रायल-नियमांत मोफत उपचार आणि भरपाई, दोन्ही आहे.
- रात्री-बेरात्री फोन कोणाला?

ट्रायल मधेच सोडता येते, आणि त्यामुळे हॉस्पिटलला नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. बाबांची बीपीची गोळी, काढा, चूर्ण, सगळं सांगा. काढा लोक हमखास लपवतात. उमरेडहून दर खेपेला यायचं, तर प्रवासखर्चाचं मात्र आधीच ठरवून घ्या.