नोंदींचे ॲप कोणते घ्यावे?

प्रश्न : मी रत्नागिरीत घरी राहून पुण्यातील एका कंपनीचे काम करते. आमच्या गटातील काही जण लंडनला, तर काही न्यूयॉर्कला असतात. बैठकीच्या नोंदी कधी वहीत, कधी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या संदेशांत, तर कधी एक्सेलमध्ये राहतात आणि नेमक्या वेळी सापडत नाहीत. सहकारी नोशन सुचवतात, भावाचा आग्रह ऑब्सिडियनचा आहे. पावसाळ्यात इथले इंटरनेट वारंवार जाते. मी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिते. कोणते ॲप घ्यावे? पैसे भरावेत का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती पावसाळ्याच्या वाक्यात आहे, म्हणून निवडीची सुरुवात तिथूनच करावी. नोशनची रचना मुळात इंटरनेटवर उभी आहे. २०२५ पासून त्यात काही पाने ऑफलाइन वापरता येतात, परंतु ती आधी उतरवून ठेवलेली असावी लागतात, आणि बैठक चालू असताना कोणते पान लागेल हे आधी ठाऊक नसते. ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक नोंद आपल्याच संगणकावरील एका फोल्डरमध्ये साध्या मजकुराची फाइल म्हणून राहते. त्यामुळे जोडणी नसतानाही लिहिणे, वाचणे, शोधणे सारे चालू राहते आणि उद्या ते ॲप नाहीसे झाले तरी त्या फाइली मजकूर लिहिण्याच्या कोणत्याही साध्या ॲपमध्ये उघडतात. ही भीती काल्पनिक नाही. वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचे लोकप्रिय ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले.

ऑब्सिडियन मोफत आहे, आणि २०२५ पासून नोकरीच्या कामासाठीही परवाना विकत घेणे सक्तीचे राहिलेले नाही. मात्र लॅपटॉप आणि फोन यांवरील नोंदी एकसारख्या ठेवणारी त्यांची स्वतःची सिंक सेवा सशुल्क आहे. विंडोज लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन अशी जोडी असेल, तर जॉप्लिन हे मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे असे) ॲप अधिक सोपे पडेल, कारण ते वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स या इंटरनेटवरील साठवणीच्या मोफत खात्यातून नोंदी जुळवून घेते. त्यातील एन्क्रिप्शन, म्हणजे नोंदी इतरांना वाचता येऊ नयेत म्हणून त्या सांकेतिक रूपात ठेवण्याची सोय, तेवढे आठवणीने सुरू करावे. गटाचे सामाईक काम नोशनवर चालत असेल, तर तेथील पाने तेथेच राहू द्यावीत. दोन ठिकाणी एकच नोंद ठेवण्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही.

नियोजनासाठी मात्र याच ॲपमध्ये प्रयोग करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंद जपायची असते आणि काम उरकून यादीतून काढून टाकायचे असते. दोन्ही एकत्र केले की जुन्या कामांच्या गर्दीत नोंदी हरवतात. आपल्याला कॅलेंडर आणि टूडुइस्ट किंवा मायक्रोसॉफ्ट टू डू यांसारखी साधी यादी पुरेल. कॅलेंडरमध्ये एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी : बैठक ज्या शहराच्या वेळेनुसार ठरते, त्या शहराचे टाइम झोन नोंदवावे. लंडन आपल्यामागे तिथल्या उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास असते. न्यूयॉर्कचा फरक साडेनऊ आणि साडेदहा तासांचा. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे तिन्ही ठिकाणचे नेहमीचे गणित चुकते. भारतीय वेळ धरून कायमची नोंद केलेली बैठक अशा वेळी हमखास तासाभराने हुकते.

मराठीतील शोधाबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो. बहुतेक ॲप अक्षरे जशीच्या तशी जुळवतात, त्यांना आपली सामान्यरूपे कळत नाहीत. ‘आराखडा’ शोधल्यावर ‘आराखड्यात’ असे लिहिलेली नोंद येत नाही. शोधताना शेवटचा काना सोडून ‘आराखड’ एवढेच टंकावे, म्हणजे शब्दाचा तुकडाही शोधणाऱ्या ॲपमध्ये दोन्ही मिळतात. नोंदींच्या शीर्षकांसाठी एकच लिपी ठरवून घ्यावी.

पैसे आत्ताच भरू नयेत. चालू प्रकल्पाच्या नोंदी महिनाभर निवडलेल्या ॲपमध्ये ठेवून पाहाव्यात, आणि त्या सर्व बाहेर काढून दुसरीकडे उघडता येतात का, हे पहिल्याच आठवड्यात तपासावे. या ॲपमधील पानांचे रंगीत तयार नमुने (टेम्प्लेट) सजवण्यात सुट्टीची दुपार छान जाते, एवढाच त्यांचा उपयोग. ग्राहकांची गोपनीय माहिती खासगी ॲपमध्ये ठेवण्यास कंपनीची परवानगी आहे का, हे मात्र लेखी विचारून घ्यावे. पासवर्ड कोणत्याही नोंदवहीत ठेवू नयेत. त्यासाठी बिटवॉर्डनसारखे वेगळे साधन असते.

प्रश्न : माझ्या एव्हरनोटमध्ये कित्येक वर्षांच्या नोंदी आहेत, पण मोफत खात्यात आता नवी नोंद करता येत नाही. जुन्या नोंदी गेल्या का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : गेलेल्या नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये एव्हरनोटने मोफत खात्यावर ५० नोंदी आणि एका नोटबुकची मर्यादा घातली. त्यापूर्वीच्या नोंदी वाचता आणि निर्यात करता येतात. निर्यात संगणकावरील ॲपमधून, ‘एनेक्स’ (ENEX) या एव्हरनोटच्या फाइल-स्वरूपात करावी. या फाइलमध्ये नोटबुकचे नाव येत नाही, म्हणून प्रत्येक नोटबुकची फाइल वेगळी काढून तिला तेच नाव द्यावे. जॉप्लिन आणि ऑब्सिडियन दोन्ही या फाइली आत घेतात. नोंदींमधील परस्परदुवे तुटलेले आढळतील, तेव्हा महत्त्वाचे तेवढे हाताने जोडावेत आणि चित्रे व पीडीएफ उघडून पाहिल्याशिवाय जुने खाते बंद करू नये.